मशीन तिचं, संशोधन आपलं

मी विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी कौतुकानं मान हलवतो आणि मग खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात देतो. हळू चालतोय, जरा बघा. लग्नात हे झालंय, बारशात झालंय. एकदा दवाखान्यात मी ताप घेऊन गेले होते, तर डॉक्टरांनी माझी नाडी बघायच्या आधी त्यांचा प्रिंटर मला दाखवला. मीही बघितला. कागद अडकला होता.

निवृत्त झाल्यावर आता मी सरळ नाही म्हणते. नोकरीत असताना मात्र नाही म्हणायला मला नियमावली लागायची.

आमचं काम बाहेरच्यांना नीट कळत नाही, म्हणून थोडं सांगते. नांदेडच्या आमच्या विद्यापीठात तीन तऱ्हेची माणसं संगणक वापरायची. प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी. यातल्या कुणाला काय द्यायचं, कुणाची तक्रार आधी घ्यायची, कुणाच्या टेबलापर्यंत जायचं आणि कुणाला आपल्या टेबलाशी बोलवायचं, हे ठरवून दिलेलं असतं. परीक्षा विभागाचं मशीन बंद पडलं तर जेवणाचा डबा झाकून पळायचं. प्राध्यापकाचं बंद पडलं तर त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेत यावं, रांगेत बसावं. हे सगळं लिहिलेली एक नियमावली होती. तिचं नाव इतकं लांब होतं की आम्ही तिला पोथी म्हणायचो. ती लिहिणाऱ्या समितीत मी होते, आणि तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे कोण माणूस उभा आहे ते मला माहीत होतं.

खासगी मशीनच्या कलमामागे भालेराव सर होते. इतिहासाचे प्राध्यापक, भला माणूस. घरचा संगणक बिघडला म्हणून रिक्षात मांडीवर घेऊन आले, तापलेलं नातवंड आणावं तसे. आमच्या मुलांनी माणुसकीनं दुरुस्त करून दिला. आठवड्यानं सरांची कुलगुरूंकडे तक्रार, की संगणक केंद्रानं माझ्या पुस्तकाचं हस्तलिखित पुसून टाकलं. चौकशी बसली. मुलांचे जबाब झाले, माझा झाला. पुढं कितीतरी दिवसांनी उघड झालं की सरांच्या नातवानं खेळाला जागा व्हावी म्हणून आजोबांचं पुस्तक साफ केलं होतं. सर स्वतः पेढे घेऊन आले आणि हात जोडून उभे राहिले. आम्ही पेढे खाल्ले आणि पोथीत कलम घातलं. खासगी मशीनबद्दल केंद्राचा माणूस सल्ला देईल, पेचकस लावणार नाही.

दुसरे एक प्राचार्य होते उदगीरकडचे. तेव्हा उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हवा होती. म्हणजे ती हवा कायमच असायची, पण त्या वर्षी जोरात होती. महाविद्यालयांची माहिती भरायच्या पानावर जिल्ह्यांची यादी यायची, त्यात उदगीर नाही म्हणून प्राचार्यसाहेब दर महिन्याला फोन करायचे. मी म्हणायचे, राजपत्रात आलं की त्याच दिवशी टाकते. ते म्हणायचे, "जिल्हा होऊनच राहिलाय मॅडम, तुम्ही नाव टाकून ठेवायला काय जातंय?" मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे आणि ते दर वेळी न रागावता पाऊसपाण्याची चौकशी करून फोन ठेवायचे.

पाऊसपाण्याची चौकशी मात्र त्या वर्षी कुणी उगीच करत नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. लातूरच्या उपकेंद्रातला आमचा माणूस लांबच्या रजेवर गेला आणि त्याच्या जागी काही महिन्यांसाठी मला पाठवलं. घरच्यांनी विचारलं, तिकडं पाणी कुठाय? मी म्हटलं, मला संगणकांकडे पाठवतायत, त्यांना पाणी लागत नाही. हे बोलणं पुढं मला फार आठवलं.

मी एका विश्रामगृहात राहत होते. सकाळी एक बादली मिळायची. तिच्यात अंघोळ, कपडे आणि उरलं तर तोंडावर मारायला. वसतिगृहं रिकामी करून मुलांना गावी पाठवलं होतं. प्रयोगशाळा उघडी होती, पण येणारी मुलं थोडी. एका खिडकीत मोठा कूलर होता, तो हिवाळ्यानंतर कुणी लावलाच नव्हता. कूलरमध्ये पाणी घालायचं नाव त्या उन्हाळ्यात कुणी काढलं असतं, तर लोकांनी त्याच्याकडे बघितलं असतं.

अशा एका दुपारी शिवकांता बिरादार आली. पंचविशी ओलांडलेली, पायात साध्या चपला, खांद्यावर बॅग आणि हातात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. देवणीजवळच्या एका खेड्यातली. एका संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात प्राणिशास्त्रात पीएचडी करत होती. माझ्यासमोर बसून तिनं टॉवेल उघडला. लॅपटॉपच्या फटीतून अजून ओल दिसत होती.

झालं होतं ते असं. लातुरात ती मावशीकडं राहायची. गावाहून येताना मावशीसाठी पाण्याचा कॅन आणायचा, हे त्या दिवसांत सगळेच करत होते. एसटीत गर्दी होती, म्हणून तिनं बॅग पायाशी ठेवली आणि तिच्यावर कॅन. झाकण सैल होतं. निलंग्याच्या पुढं कधीतरी ते सुटलं, आणि बसमधल्या लोकांना पाणी सांडल्याची हळहळ इतकी, की बॅगेकडे कुणी बघितलंच नाही. तीसुद्धा आधी कॅनच सरळ करत बसली.

मी तिला सल्ला दिला. चालू करू नका, बॅटरी काढा, उलटा ठेवा, बाजारात एखाद्या चांगल्या माणसाला दाखवा. खासगी मशीनला आम्ही हात लावत नाही, असा नियम आहे, हेही सांगितलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, की बाजारातला माणूस आतलं परत काढून देईल का. मी म्हटलं, मशीन चालू करून देईल, आतल्याची हमी देणार नाही. त्यावर ती उठली नाही. टॉवेलाची घडी घालत बसून राहिली.

मग मीच विचारलं, आत काय आहे?

"गायी हायत मॅडम," ती म्हणाली.

देवणी जातीची गुरं आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहेत. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब कान. शिवकांता त्यांच्या वंशावळी गोळा करत होती. गावोगाव, गोठ्यागोठ्यात जाऊन. ही गाय कुणाची लेक, तिची आई कुठं होती, बैल कुणाचा, दूध किती, वासरं किती. प्रत्येकीचा फोटो, समोरून आणि कुशीवरून, कारण ठिपके दोन जनावरांचे सारखे नसतात. दुष्काळ पडल्यावर तिनं आणखी एक गोष्ट लिहायला सुरुवात केली होती. गाय विकली तर कुणाला, कुठल्या गावाला. हाळीच्या गुरांच्या बाजारात उन्हातान्हात उभी राहून ती विकत घेणाऱ्यांची गावं विचारून घ्यायची. लोक तिला दलाल समजायचे.

मी म्हटलं, परत जाऊन गोळा करता येणार नाही का? ती म्हणाली, कुठं जाऊ? दावणी रिकाम्या झाल्यात. काही गुरं छावणीत आहेत, काही कुठल्या कुठं गेलीत, आणि कोण कुठं गेलंय ते ह्याच्यातच लिहिलंय. तिच्याकडं पेनड्राइव्हवर जुनी प्रत होती, ती दुष्काळाच्या आधीची. विद्यापीठाच्या सर्व्हरवर का ठेवलं नाही, असं विचारणार होते, पण उत्तर मला ठाऊक होतं. सर्व्हरवर जागा प्राध्यापकांना आणि कार्यालयांना मिळायची, विद्यार्थ्यांना नाही. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात, त्यांचा पसारा कोण सांभाळणार, असा समितीचा विचार होता. पीएचडी करणारी माणसं पाचपाच वर्षं राबतात, पण पोथीच्या हिशेबात तीही विद्यार्थीच.

मी नांदेडला फोन लावला. आमचे संचालक मोरे सर. शिस्तीचे, मितभाषी, आणि भालेराव सरांच्या चौकशीत आमच्या मुलांच्या मागं भिंतीसारखे उभे राहिलेले. त्यामुळं हे कलम त्यांना सगळ्यांत प्रिय होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. उघडताना काही गेलं तर ते आपल्या हातून गेलं असंच होणार. आज हिचं केलं, उद्या दारात रांग लागेल. त्यांचं चूक नव्हतं. मी फोन ठेवला, बाहेर व्हरांड्यात जाऊन आले, आणि परत लावला.

मी म्हटलं, सर, खासगी काय आहे ते ठरवू या. लॅपटॉप तिच्या पैशाचा आहे, तो खासगी. पण तिच्या संशोधनाची नोंदणी विद्यापीठानं केलीय. उद्या प्रबंधावर नाव विद्यापीठाचं येणार. मग आतलं सगळं तिचं एकटीचं कसं?   ते म्हणाले, हेच मला लिहून पाठवा. मी लगेच ईमेल केलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, एका ओळीचं. मशीन तिचं, संशोधन आपलं. मशीनला हात न लावता संशोधन बाहेर काढावे.

मशीनला हात न लावता आतलं कसं काढणार, हे मी मुश्ताकभाईंना विचारलं. ते देखभालीच्या कंत्राटावर येणारे तंत्रज्ञ. वयानं माझ्याएवढेच, आणि माझ्याइतकेच कागद सांभाळून चालणारे. त्यांनी ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "बरोबर लिहिलंय साहेबांनी. दुरुस्त नाही करायचं. मागचं झाकण खोलायचं, डिस्क काढायची, झाकण लावून द्यायचं." शिवकांतानं संमती लिहून दिली आणि त्यांनी पेचकस काढला.

डिस्क म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती चपटी डबी. ती बाहेर काढून त्यांनी पुसली, तिची टोकं साफ केली आणि आम्ही ती दोन दिवस तशीच सुकू दिली. लातूरच्या त्या हवेत सुकायला काहीच अडचण नव्हती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या संगणकाला जोडली. लागली. शिवकांतानं खुर्चीची पाठ धरली होती, ती सोडली. पण थोडा वेळ चालून डिस्क तापली आणि अडली. बंद केली, थंड होऊ दिली, पुन्हा लावली. पुन्हा थोडं आलं, पुन्हा अडली. ताप चढलेल्या माणसाला घोट घोट पेज पाजावी तसं चाललं होतं. मुश्ताकभाई म्हणाले, दर वेळी तापली की ती आणखी बिघडते. अशी फार दिवस टिकणार नाही.

सर्व्हरच्या खोलीत एसी होता. पण तिथं बाहेरची डिस्क न्यायची नाही, असं कलम होतं, आणि ते मोडायला मी स्वतःच तयार नव्हते. एखादा व्हायरस शिरला असता तर सगळ्या महाविद्यालयांचे निकाल अडकले असते. राहता राहिली प्रयोगशाळा. मुश्ताकभाईंनी खिडकीतल्या कूलरकडे बघितलं आणि म्हणाले, गार हवेचा झोत मिळाला असता तर झालं असतं. पुढचं ते बोलले नाहीत. आम्हा तिघांनाही ते कळलं. शिवकांता फोन घेऊन बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. अप्पा. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. पहाटेच्या एसटीनं ते कॅन मांडीवर धरून आले होते. त्यांच्या विंधन विहिरीला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं, त्यातलं हे. "शरणार्थ," असा नमस्कार केला, कॅन खाली ठेवले आणि कूलर कुठला म्हणून विचारलं.

मला ते बघवेना. मी जिथं राहत होते तिथली माणसं घागरी लावून दिवसदिवस टँकरची वाट बघत होती. मी म्हटलं, अप्पा, हे प्यायचं पाणी आहे. हे यंत्रासाठी कसं ओतायचं? दुसरं काहीतरी बघू.

त्यांनी टेबलावरच्या त्या चपट्या डबीकडं बघितलं. "ह्याच्यातच हायत व्हय सगळी?" पोरीनं मान हलवली. मग ते मला म्हणाले, "मॅडम, दावणीला बांधलेल्यांना पाणी पाजताना आम्ही इचार करतो का? ही बी आमचीच गुरं हायत."

आणि त्यांनी कॅन उचलून कूलरच्या टाकीत ओतला. हळूहळू, एक थेंब खाली न सांडता. पाण्याचा तो आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला शिपाई दारात येऊन उभा राहिला.  कूलर चालू झाला, ओल्या वाळ्याचा वास सुटला, आणि मुश्ताकभाईंनी डिस्क झोताच्या समोर सरकवली.

दिवसभर चाललं. अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. भाकरी त्यांनी सोबत आणली होती, ज्वारीची, आणि शेंगदाण्याची चटणी. आम्हा सगळ्यांना वाढली. अधूनमधून पडद्यावर फोटो उमटायचे आणि ते उठून बघायला यायचे. बहुतेक गुरं त्यांना ओळखू यायची. ही कमालनगरकडची, हिचा बैल आमचाच. ही मारकी हाय. एका फोटोपाशी ते थांबले आणि जवळ आले. पांढरी गाय, तोंडाची एक बाजू काळी. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

शिवकांता मला हळूच म्हणाली, ही सारजा. गेल्या महिन्यात हाळीला विकली. कंधारकडच्या माणसानं नेली.

अप्पांनी विचारलं, फोटो मोठा होतो का. मी केला. पुष्कळ वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हिच्या आईचा बी हाय का?"

तो होता, पण अजून आला नव्हता. शिवकांतानं सांगितलं, येईल. तो आला नाही. दुपार कलल्यावर डिस्कनं एक बारीक आवाज केला आणि कायमची बंद झाली. पुष्कळसं हाती आलं होतं. लिहिलेलं जवळपास सगळं, फोटोंपैकी बरेचसे. कर्नाटकाच्या सीमेकडच्या काही गावांचं आणि जुन्या गायींचं राहिलं ते राहिलंच. मुश्ताकभाईंनी डबी टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिली. शिवकांता रडली नाही. गेलेल्या गावांची नावं मात्र एकेक करून बोलून दाखवली, जणू हजेरी घेत होती. प्रबंधातही तिनं ते लपवलं नाही, ही गावं माझ्या हातून गेली असं सरळ लिहिलं. ती गावं अजूनही मला रुखरुख लावतात. सर्व्हरवर चार बोटं जागा तिला आधी मिळाली असती तर ती गेली नसती.

पुढच्या बैठकीत मोरे सरांनी स्वतःच विषय काढला. नोंदणी झालेल्या संशोधक विद्यार्थ्यांना सर्व्हरवर जागा द्यावी, असं कलम पोथीत आलं. कुणीतरी विचारलं, विद्यार्थी गेल्यावर त्या पसाऱ्याचं काय करायचं? सर म्हणाले, तोच तर सांभाळायचा आहे. खासगी मशीनचं कलम त्यांनी हलू दिलं नाही. फक्त त्याच्याखाली एक ओळ वाढवली, ती तुम्हाला माहीतच आहे.

त्या वर्षी पाऊस झाला. मी नांदेडला परत आले. शिवकांताचा फोन कधीमधी यायचा. एकदा तिनं सांगितलं ते असं, की पाणी झाल्यावर लोकांना आपली जनावरं आठवायला लागली. ज्यांनी मिळेल त्या भावात गाय दिली होती, ते आता त्याच वंशाचं काही मिळतं का बघत होते, आणि कुणीतरी म्हणालं की बिरादारांच्या पोरीकडं सगळं लिहिलेलं आहे. मग लोक तिच्याकडं येऊ लागले. माझी कुणीकडं गेली, तिला वासरू झालं का, देतो का तो. पूर्वी बाजारात जे तिला दलाल समजायचे तेच आता ताई म्हणत होते. ती फोन करायची, कधी स्वतः जायची. कुठं गाय परत मिळायची, कुठं नाही.

अप्पाही कंधारकडं जाऊन आले. त्या माणसानं सारजा दिली नाही. त्याच्या घरात ती रमली होती, बायको सोडायला तयार नव्हती. पण तिच्या पोटी कालवड झाली होती. ती दूध प्यायची सुटली की देईन म्हणाला, आणि शब्दाला जागला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मी कचेरीत येऊन बसते न बसते तोच शिवकांताचा फोन आला. आता ती एका महाविद्यालयात शिकवत होती. आवाज घाईत होता. नियमानं दिलेली सर्व्हरवरची जागा भरली म्हणाली, वाढवून पाहिजे.

मी विचारलं, इतकं काय ठेवलंत?

ती म्हणाली, "मॅडम, वासरं झालीत."

जागा वाढवायला संचालकांची सही लागायची आणि कारण लिहावं लागायचं. मी तेच लिहून कागद मोरे सरांपुढं ठेवला. सरांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता सही केली.